आराखड्याची हद्द



स्लोव्हेनियाच्या पश्चिम टोकाला, इटलीच्या सीमेला अगदी खेटून मिरेन नावाचं गाव आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये तह झाला आणि १९४७ च्या सप्टेंबरात इटली आणि त्या वेळचा युगोस्लाव्हिया यांच्यातली नवी सीमा जमिनीवर उतरली. ती रेघ मिरेनच्या दफनभूमीतून गेली. काही कबरी एका देशात राहिल्या, काही दुसऱ्या. १९७५ मध्ये ओसिमो इथे दोन्ही देशांनी करार केला, तेव्हा कुठे ती दफनभूमी पुन्हा एका बाजूला आली. तोवर २८ वर्षं गेली होती.

ही रेघ आखणारी माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. ती लांब बसली होती आणि त्यांच्यापुढे नकाशा होता. मी उभं आयुष्य नगररचनेत काढलं, त्यामुळे नकाशापुढे बसलेल्या माणसाचं मन मला थोडंफार ठाऊक आहे. आराखडा करायला घेतला की आम्ही सगळ्यात आधी हद्द काढतो. मग हद्दीच्या आत रंग भरत जातो: निवासी भागाला पिवळा, उद्योगाला जांभळा, शेतीला हिरवा. हद्दीबाहेरचा कागद कोरा राहतो. तिकडेही नदी वाहते, तिकडेही बाजार भरतो, आपल्या हद्दीतली माणसं रोज तिकडे कामाला जातात; पण कागदावर त्यातलं काही उमटत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली झालेले जुने आराखडे काढून पाहा, हेच दिसेल. हद्द दोन तालुक्यांची असेल तर या कोऱ्या कागदाने फारसं बिघडत नाही. ती दोन देशांची असली की पिढ्यान् पिढ्या भोगावं लागतं.

आजचा विषय शेजारी देशांनी मिळून करायच्या नियोजनाचा आणि मागे पडलेल्या प्रदेशांना बरोबर घेण्याच्या धोरणाचा आहे. यात सगळ्यांत लांब मजल मारली ती युरोपने, म्हणून मी बोलणार आहे ते मुख्यतः तिथल्याबद्दल. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. दोन देशांमधला प्रदेश खऱ्या अर्थाने सांधला जातो तो दोघांनी मिळून एखादी सोय उभी केली, तिचा खर्च वाटून घेतला आणि तिच्यावरचा अधिकारही वाटून घेतला म्हणजे. युरोपने खर्च वाटून घेण्याची रीत बसवली. अधिकार वाटून घेण्यापाशी मात्र गाडं अडलं, आणि ते अजून पुरतं सुटलेलं नाही.

सुरुवात १९५७ च्या रोम करारापासून करावी लागते. सहा देशांच्या त्या कराराच्या प्रस्तावनेतच प्रदेशाप्रदेशांतली तफावत कमी करण्याचं वचन आहे. पुढची १८ वर्षं त्या वचनामागे म्हणावा असा पैसाच नव्हता. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क त्या गटात आले. ब्रिटनकडे बंद पडत चाललेल्या खाणी आणि गोद्यांचे प्रदेश होते, आयर्लंड गरीब होता आणि इटलीचा दक्षिण भाग तर पहिल्यापासून मागे होता. जॉर्ज थॉमसन या स्कॉटिश राजकारण्याकडे प्रादेशिक धोरणाचं खातं आलं आणि १९७५ मध्ये प्रादेशिक विकास निधी सुरू झाला. तो छोटा होता आणि देशोदेशींची सरकारं तो आपल्या तिजोरीतच जिरवून टाकत.

खरा बदल १९८८ चा. स्पेन आणि पोर्तुगाल नुकते आले होते आणि सगळ्या युरोपची एकच बाजारपेठ करायचं ठरलं होतं. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जाक देलोर यांचं म्हणणं सरळ होतं: बाजार मोकळा केला की भांडवल आधीच श्रीमंत असलेल्या पट्ट्याकडे धावणार, म्हणून मागे राहिलेल्यांसाठी त्याच वेळी तजवीज केली पाहिजे. निधी दुप्पट करायचं ठरलं. एकेका वर्षाच्या अनुदानाऐवजी अनेक वर्षांचा कार्यक्रम आखायचा, तो आखताना स्थानिक संस्थांना बरोबर घ्यायचं, असे नियम झाले. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम असा की, ब्रुसेल्सचा पैसा आला म्हणून देशाने त्या प्रदेशावरचा स्वतःचा खर्च कमी करायचा नाही. आलेला पैसा वरचा पैसाच राहिला पाहिजे.

या नियमाचं महत्त्व महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये क्षेत्रवार हिशेब करून राज्याचा अनुशेष काढला तो सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा. रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण असं एकेक घेऊन राज्याच्या सरासरीपासून कोणता जिल्हा किती खाली आहे हे त्यांनी मांडलं. जगात कुठेही अभ्यासावं असं ते काम आहे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. अनुशेषाचा पैसा दुसरीकडे वळतो, ही विदर्भ-मराठवाड्यातली तक्रार मात्र मुदतीबरोबर संपली नाही. युरोपची मोजपट्टी आपल्यापेक्षा ढोबळ आहे. दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली गेलं की प्रदेश मागास धरला जातो, एवढंच. मोजायला आपण अधिक बारकाईने शिकलो होतो. पैसा वळू न देण्याचं कुलूप त्यांनी लावलं.

आता नियोजनाकडे येऊ. १९८९ मध्ये रोजे ब्रुने या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह युरोपातल्या शहरांचा अभ्यास केला आणि एक नकाशा मांडला. इंग्लंडपासून बेल्जियम, हॉलंड, ऱ्हाइनचं खोरं, स्वित्झर्लंड आणि खाली मिलानपर्यंत असा दाट वस्तीचा, उद्योगांचा आणि पैशाचा वाकडा पट्टा त्यांनी दाखवला. पुढे लोक त्याला ‘निळं केळं’ म्हणू लागले. फ्रान्समध्ये खळबळ उडाली, कारण पॅरिस त्या पट्ट्याबाहेर होतं. जर्मनीतल्या क्लाउस कुन्त्समान आणि मिखाएल व्हेगेनर यांनी त्याला दुसरं चित्र जोडलं: युरोप म्हणजे एक केळं नसून द्राक्षांचा घड आहे, लहानमोठी पुष्कळ शहरं आहेत आणि प्रत्येकात रस भरता येईल. एका चित्रात जे आहे ते होतं, दुसऱ्यात जे व्हावं ते होतं.

त्याच वर्षी नांत इथे बारा देशांचे नियोजनमंत्री पहिल्यांदा एकत्र बसले. नियोजन हा विषय युरोपच्या अखत्यारीत नव्हताच, म्हणून ती बैठक अनौपचारिक. लायप्झिग, नोर्डवाइक अशा बैठका होत दहा वर्षांनी, मे १९९९ मध्ये पॉट्सडॅम इथे १५ देशांनी एक दस्तऐवज मान्य केला. अनेक केंद्रांचा विकास, शहर आणि खेडं यांच्यात नवं नातं, सोयी आणि ज्ञानापर्यंत सगळ्यांना सारखी वाट, निसर्ग आणि वारसा यांची जपणूक, असं त्यात फार चांगलं लिहिलेलं आहे. तो कुणावर बंधनकारक नाही. आणि उद्याचा युरोप कसा घडवायचा हे दाखवणारा एकही नकाशा त्यात नाही. नियोजनाच्या दस्तऐवजात नकाशा नाही! नकाशा काढला की कोण मध्ये आणि कोण कडेला हे दिसतं, आणि आपला देश कडेला दाखवलेला कुणालाच सोसत नाही. दहा वर्षं बैठका घेऊनही त्या टेबलाभोवतीच्या लोकांना एका कागदावर सगळ्यांचा भूगोल मांडता आला नाही. त्यांना मी दोष देत नाही, कारण हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे. पण शेजाऱ्यांचं एकत्र नियोजन वरून खाली येत नाही, हे त्यातून कळतं.

ते खालून कसं येतं, हे पाहायला पिरेनीज पर्वतात जाऊ.

फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर सेर्दान्याचं रुंद खोरं आहे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने ते दोन राजांत वाटलं गेलं. ३३ गावं फ्रान्सकडे गेली. लिव्हिया मात्र दर्जाने नगर होतं, गाव नव्हतं, म्हणून ते स्पेनकडे राहिलं, आणि आजही चारी बाजूंनी फ्रान्स असलेला तो स्पेनचा तुकडा आहे. खोऱ्यातली माणसं दोन्हीकडे कॅटलान बोलत आली आहेत आणि लग्नसंबंध, गुरं, बाजार सगळं एकमेकांत आहे. लोकसंख्या तीसेक हजार, हिवाळ्यात बर्फावर खेळायला येणाऱ्यांमुळे कित्येक पट. फ्रेंच बाजूच्या माणसाला मोठं दुखणं आलं की पर्पिन्याँ गाठायचं, शंभरेक किलोमीटर घाटाच्या रस्त्याने. हिवाळ्यात त्या घाटावर बर्फ असतं. बाळंतपण अडलं, छातीत कळ आली, तर त्या रस्त्यावर काय होत असेल याची कल्पना करायला डॉक्टर असावं लागत नाही.

हिशेब कुणालाही करता येण्यासारखा होता. एवढ्या वस्तीत फ्रान्सला एकट्याने रुग्णालय परवडत नव्हतं आणि स्पेनच्या बाजूचं जुनं रुग्णालय अपुरं होतं. दोघांनी मिळून केलं तर खोऱ्याला पुरेसं होतं. २००६ मध्ये युरोपने एक कायदा केला होता. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सार्वजनिक संस्थांना एकत्र येऊन एकच कायदेशीर संस्था काढता येते, तिचं कार्यालय ज्या देशात असेल तिथला कायदा तिला लागू होतो, ती नोकर ठेवू शकते, निविदा काढू शकते, मालमत्ता घेऊ शकते. त्या कायद्याखाली २०१० मध्ये कॅटलोनियाचं सरकार आणि फ्रान्स यांची संस्था स्थापन झाली. स्पेनच्या बाजूला, सीमेजवळच्या पुचसेर्दा गावात इमारत उभी राहिली. खर्च सुमारे ३.१ कोटी युरो, त्यातले ६० टक्के युरोपच्या प्रादेशिक निधीतून. चालवण्याचा खर्च कॅटलोनियाने ६० टक्के आणि फ्रान्सने ४० टक्के उचलायचा. सप्टेंबर २०१४ मध्ये रुग्णालय उघडलं. दोन देशांनी मिळून बांधलेलं आणि मिळून चालवलेलं युरोपातलं ते पहिलं रुग्णालय.

इमारत बांधणं त्यातलं सोपं काम होतं, हे नंतर कळलं. फ्रेंच गावातल्या बाईचं बाळ पुचसेर्दाला जन्मलं, की ते स्पेनमध्ये जन्मलं. त्याची फ्रेंच नोंद करायची तर बार्सिलोनातल्या फ्रेंच वाणिज्य दूतावासाशी व्यवहार. घरापासून काही किलोमीटरवर झालेला जन्म कागदावर परदेशातला जन्म ठरू लागला. आणि तिथे एखादा म्हातारा वारला, तर काही किलोमीटरवरच्या त्याच्या गावी देह नेणं ही आंतरराष्ट्रीय वाहतूक झाली, तिचे परवाने वेगळे, शवपेटीचे नियम वेगळे. हा तिढा सोडवायला दोन देशांच्या सरकारांना बसावं लागलं. डॉक्टरांच्या पदव्या, कामाचे तास, विम्याची कार्डं, औषधांची नावं, रुग्णवाहिकेने सीमा ओलांडणं, एकेक गोष्ट वेगळी सोडवावी लागली. या यादीत मोठं तत्त्व कुठलंच नाही. सगळी बारीक कामं आहेत, आणि ती होईपर्यंत रुग्णालय खोऱ्याचं होत नव्हतं.

इथे मला सिंधुदुर्गाची आठवण होणं साहजिक आहे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागातला रुग्ण गंभीर झाला की त्याला बांबोळीला नेतात, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. ही वाट फार वर्षांपासून माणसांच्या पायाखालची आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात मोठं आंदोलन उभं राहिलं. गोव्याचं म्हणणं होतं की आमच्या करदात्याच्या पैशांवर उभ्या असलेल्या खाटा आम्हालाच पुरत नाहीत. दोडामार्गच्या माणसाचं म्हणणं होतं की आम्ही जायचं कुठे. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. तिथे दोन देशही नाहीत, भाषेची अडचण नाही, विसा नाही. सिंधुदुर्गाच्या खाटा किती, बांबोळीच्या किती आणि दोन्हीकडच्या माणसांना लागतात किती, हा हिशेब एका कागदावर मांडून खर्च आणि अधिकार वाटून घेणारी कायमची संस्था मात्र नाही. सेर्दान्याच्या तीस हजार माणसांसाठी ती झाली. आपल्याकडे का होऊ नये, याचं पटेल असं कारण मला सापडलेलं नाही.

सांधणी मोठ्या बांधकामांनीही होते. ओरेसुंडच्या सामुद्रधुनीवरचा सुमारे १६ किलोमीटरचा पूल आणि बोगदा १ जुलै २००० ला खुला झाला आणि स्वीडनचं माल्म्यो डेन्मार्कच्या कोपनहेगनशी जोडलं गेलं. माल्म्यो हे जहाजं बांधणारं गाव. कोकुम्स गोदीची १३८ मीटर उंच यारी गावात कुठूनही दिसायची. गोदी बंद झाली, यारी दक्षिण कोरियाच्या कंपनीने नाममात्र एका डॉलरला घेतली आणि २००२ मध्ये ती जहाजावर चढवून नेली, तेव्हा बघायला आलेल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच सुमारास गावाला पूल मिळाला, विद्यापीठ मिळालं, आणि कोपनहेगनमध्ये घर न परवडणारी माणसं इकडे राहायला येऊ लागली. मग कराचा प्रश्न. माणूस कोपनहेगनला कमावतो, कर तिथे भरतो. त्याची मुलं माल्म्योच्या शाळेत, कचरा माल्म्योची नगरपालिका उचलते. त्यासाठी २००३ मध्ये दोन देशांना भरपाईचा करार करावा लागला. आणि २०१६ च्या जानेवारीत निर्वासितांचा लोंढा थोपवायला स्वीडनने ओळखपत्रांची तपासणी सुरू केली, तेव्हा रोज गाडीने जाणाऱ्यांना विमानतळाच्या स्थानकावर थांबून रांग लावणं आलं. १६ वर्षांत जुळलेली रोजची जा-ये एका आदेशाने विस्कटली. तपासणी पुढच्या वर्षी उठली. घर कुठे घ्यावं हे ठरवताना लोक मात्र तेव्हापासून दोनदा विचार करतात.

आता मिरेनच्या शेजारच्या शहराकडे जाऊ, कारण तिथे या विषयाची सगळी अंगं एका जागी दिसतात.

गोरित्सिया हे जुनं ऑस्ट्रियन साम्राज्यातलं शहर. १९०६ मध्ये आल्प्समधून ट्रिएस्टकडे येणारी रेल्वे झाली आणि शहराच्या कडेला देखणं स्थानक उभं राहिलं. १९४७ च्या सीमेने शहर इटलीकडे ठेवलं, स्थानक युगोस्लाव्हियाला दिलं. रेघ स्थानकासमोरच्या चौकातून गेली. शहराची पाठराखण करणारी खेडी तुटली; त्या खेड्यांचा बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी सगळं पलीकडे राहिलं. युगोस्लाव्हियाने ठरवलं की शहर आपल्याकडे नाही ना, मग नवं बांधू. एडवर्ड राव्निकार या वास्तुरचनाकाराने आराखडा केला. ते प्लेचनिक यांचे विद्यार्थी, पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएंच्या हाताखाली काम केलेले. १९४८ मध्ये पायाभरणी झाली, तरुणांच्या श्रमपथकांनी माती उपसली आणि नोव्हा गोरित्सा, म्हणजे नवी गोरित्सिया, उभी राहिली. रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, हिरवळीत इमारती. नगररचनाकार म्हणून मला ते शहर आवडतं. पण एका शहराच्या अंगणात दुसरं शहर केवळ रेघेमुळे बांधावं लागलं, पाण्याची, सांडपाण्याची, रुग्णालयाची सगळी व्यवस्था दुहेरी करावी लागली, हे विसरता येत नाही. सीमेची किंमत बहुतेक वेळा अशीच मोजली जाते: एका कामाला दोनदा पैसे.

२००४ मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला आणि चौकातलं कुंपण निघालं. २००७ च्या डिसेंबरात नाक्यांवरची तपासणीही संपली. २०११ मध्ये गोरित्सिया, नोव्हा गोरित्सा आणि शेम्पेटर-व्हर्तोयबा या तीन नगरपालिकांनी सेर्दान्यासारखीच एक संस्था काढली. युरोपच्या सीमा-सहकार्य निधीतून त्यांना एक कोटी युरो मिळाले, नदीकाठचं उद्यान आणि सायकलवाटा यांसाठी आणि आरोग्याच्या कामासाठी. आरोग्याचं काम मला अधिक महत्त्वाचं वाटतं. २०१४ मध्ये गोरित्सियाच्या रुग्णालयातलं प्रसूतिगृह बंद झालं. शहरातल्या गर्भवतींना मोनफाल्कोनेला जावं लागू लागलं, आणि शेम्पेटरचं रुग्णालय, जिथे प्रसूती होतात, ते सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. ते आपलं रुग्णालय म्हणून वापरायचं तर सेर्दान्यात सुटलेली प्रत्येक गाठ इथे नव्याने सोडवावी लागते, कारण ती रोमला आणि ल्युब्लियानाला बांधलेली आहे. तीन नगरपालिकांना त्या गाठीला हात लावायचा अधिकार नाही.

मार्च २०२० मध्ये साथ आली आणि त्या चौकात पुन्हा कुंपण उभं राहिलं. तीन महिने नवराबायको, आजीनातवंडं तारेच्या दोन बाजूंना उभी राहून बोलत होती. जूनमध्ये ते निघालं. ही दोन शहरं २०२५ साठी मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली, सीमेच्या आरपार असलेली पहिलीच. आणि त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली होती. चौकात उत्सव चालू आणि रस्त्यावर पोलिसांची तपासणी चालू, असं ते वर्ष गेलं.

काही जण यावरून म्हणतात की सगळा खटाटोप फुकट आहे. वेळ आली की राष्ट्र आपलं दार लावून घेतं. मी तसं मानत नाही. साथीच्या दिवसांत दोन्हीकडच्या महापौरांना एकमेकांची ओळख नव्याने करून घ्यावी लागली नाही, बोलणी आधीच चालू होती. ओडर नदीवर फ्रांकफुर्ट आणि स्लुबित्से या जर्मन आणि पोलिश शहरांची घरं गरम ठेवणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. ती नळी कुणी कुंपण घालून बंद करत नाही.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे. २०१६ च्या ब्रिटिश सार्वमतात युरोपचा मोठा निधी मिळवणाऱ्या कॉर्नवॉलने आणि वेल्सने बाहेर पडायच्या बाजूने कौल दिला, वेल्समध्ये ५२.५ टक्के. ज्यांच्यासाठी रस्ते आणि महाविद्यालयं बांधली त्यांनीच पाठ फिरवली. दोन वर्षांनी आंद्रेस रोद्रिगेझ-पोसे या अर्थतज्ज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला आणि म्हटलं की ज्या ठिकाणांना ‘तुमचं भवितव्य नाही, शहरात जा’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ती मतपेटीतून बदला घेत आहेत. त्याआधी २००९ मध्ये इटालियन अर्थतज्ज्ञ फाब्रिझियो बार्का यांनी युरोपीय आयोगासाठी केलेल्या अहवालात बजावलं होतं की पैसा वाटणं पुरेसं नाही, त्या त्या ठिकाणचं ज्ञान असलेल्या माणसांच्या हाती निर्णय हवा. फलकावर युरोपचा झेंडा आहे, पण कोणता रस्ता करायचा हे आपल्याला कुणी विचारलं नाही, असं ज्याला वाटतं त्याला तो रस्ता आपला वाटत नाही. माझ्या सबंध नोकरीत लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायची मुदत आम्ही पाळली. त्यातल्या किती सूचनांनी आराखडा खरोखर बदलला, हे आठवताना मला बार्कांचं म्हणणं जास्तच पटतं.

आकडे पाहिले तर प्राधान्य कुठे आहे ते दिसतं. युरोपीय संघाच्या अंतर्गत भूसीमांलगतचे प्रदेश संघाचा ४० टक्के भूभाग व्यापतात, तिथे सुमारे १५ कोटी माणसं राहतात, जवळपास २० लाख लोक रोज किंवा आठवड्याला सीमा ओलांडून ये-जा करतात. २०२१ ते २०२७ या काळासाठी मागे पडलेल्या प्रदेशांना बरोबर घेण्याच्या या धोरणाला सुमारे ३९२ अब्ज युरो ठेवले आहेत. त्यात सीमापार सहकार्याच्या कार्यक्रमांचा वाटा जेमतेम १० अब्जांच्या आसपास. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये सांगितलं की सीमेवरच्या कायद्याच्या आणि कारभाराच्या अडचणींपैकी पाचवा हिस्सा जरी दूर झाला तरी त्या प्रदेशांचं उत्पन्न २ टक्क्यांनी वाढेल. त्याला नवा पूल लागत नाही की नवा कर लागत नाही, फक्त दोन खात्यांनी एक नियम एकमेकांशी जुळवून घ्यायचा आहे. तेच होत नाही.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्यासारख्या जिवलग शेजाऱ्यांतही होत नाही. स्ट्रासबुर्गची ट्राम २०१७ मध्ये ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला गेली, त्याचा आनंद दोन्हीकडे झाला. पण जरा वर, म्हणजे नदीच्या उगमाकडे, कोलमार आणि फ्रायबुर्ग ही दोन शहरं आहेत, एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटरवर. त्यांच्यामधली रेल्वे ब्रायझाखच्या पुलावरून जायची. १९४५ मध्ये तो पूल उद्ध्वस्त झाला आणि रेल्वे पुन्हा जोडलीच गेली नाही. दोन्हीकडून रूळ येतात आणि नदीआधी संपतात. दोन्ही शहरं श्रीमंत, दोन्ही देश श्रीमंत, मैत्री साठ वर्षांची. २०१९ च्या आखेन करारात हा मार्ग अग्रक्रमाच्या यादीत घातला गेला, आणि त्याच करारात दोन्ही देशांनी मान्य केलं की सीमाभागातलं काम अडत असेल तर तिथल्यापुरता वेगळा नियम किंवा सूट देता येईल. एवढं लिहून घ्यायला युद्धानंतर ७४ वर्षं लागली.

संघाच्या पातळीवर हेच काम आणखी सावकाश झालं. २०१८ मध्ये आयोगाने प्रस्ताव मांडला की सीमेवर एखादी सोय करताना शेजारचा कायदा अधिक सोयीचा असेल तर त्या सोयीपुरता तो लागू करता यावा. ट्रामच्या शेवटच्या एक किलोमीटरसाठी अलीकडच्या देशाचे सुरक्षानियम, रुग्णालयासाठी एकाच देशाची प्रसूतीची नोंद, असं. देशांनी तो हाणून पाडला. दुसऱ्याचा कायदा आपल्या भूमीवर ही कल्पनाच त्यांना सोसेना. सात वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याचं सौम्य रूप संमत झालं. देशांनी ठरवलं तर सीमापार अडचणींसाठी एक समन्वय केंद्र काढायचं. नगरपालिका, रुग्णालय किंवा नागरिक त्या केंद्राकडे अडचणीची फाइल देऊ शकतात. केंद्राने ती तपासायची. अडचण दूर करायचं बंधन नाही. उत्तर मात्र द्यावं लागतं, आणि ते कारणांसह.

हे थोडं वाटेल. मला ते थोडं वाटत नाही. आजवर शेम्पेटरच्या प्रसूतिगृहाचा प्रश्न राजधानीत कुठल्या टेबलावर पडून आहे, हेही गोरित्सियाच्या महापौराला सांगता येत नसे. आता प्रश्नाला पत्ता मिळेल, ज्या देशाने केंद्र काढलं आहे तिथे तरी. पुढच्या काही वर्षांत अशी केंद्रं कोण काढतं, कोलमारच्या रुळांची, सीमेवरच्या बाळंतपणांची आणि अंत्ययात्रांची फाइल तिथे कोण नेऊन देतं हे पाहायला हवं, आणि उत्तरात जी कारणं येतील ती एकेक वाचायला हवीत.